पदाआधी काम बघा

म्हैसूर जिल्ह्यात टी. नरसीपूर तालुक्यात सोसले नावाचं गाव आहे. व्यासराज मठामुळे माध्व परंपरेतल्या काही मराठी घरांनाही ते नाव ओळखीचं असेल. कावेरीकाठचा हा मुलूख, भाताचा आणि उसाचा. ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२३ या चार महिन्यांत या तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत चार माणसं गेली. त्यांत कॉलेजात शिकणारी मुलं होती, एक वयस्कर बाई होती आणि एक शाळकरी पोरगाही होता. लोक संतापले, रस्त्यावर उतरले. त्यानंतर कर्नाटक सरकारनं म्हैसूर जिल्ह्यासाठी बिबट्यांचं स्वतंत्र कार्यदल नेमलं.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर इथल्या वाचकांना यातलं काही समजावून सांगायला नको. दिवेलागणीनंतर उसाच्या कडेनं जाताना काय वाटतं, रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला कुणाला पाठवायचं यावरून घरात काय बोलणं होतं, हे तिथे रोजचं आहे. अशा वेळी गावासाठी सरकार म्हणजे मंत्रालय नसतं. ते असतं खाकी कपड्यातला एक वनरक्षक आणि त्याच्यासोबतचा एखादा वनमजूर. पिंजरा कुठे लावायचा, जमाव कसा आवरायचा, बिबट्या दिसला की लोकांनी काय करायचं नाही, हे सगळं त्यानं तिथल्या तिथे ठरवायचं असतं. यात ज्ञानाचा वाटा किती मोठा आहे तेही पाहा. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर भागाचा अभ्यास केला. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, असं त्यात दिसलं. म्हणजे ‘पकडा आणि लांब सोडा’ हा लोकांना हवा असलेला उपायच माणसांच्या जिवावर येऊ शकतो. हे संतापलेल्या गावापुढे उभं राहून सांगायचं, आणि तरी गावाचा विश्वास गमवायचा नाही. असं काम करायला तयार असलेली मुलंमुली आपल्याला हवी आहेत. हे आवाहन त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही.

आपल्याकडे ‘स्पर्धा परीक्षा करतोय’ असं मुलानं सांगितलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर उपजिल्हाधिकारी येतो, नाहीतर फौजदार. गावातून पुण्याला आलेली मुलं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षं बसतात, आणि पदांची उतरंड पाठ झालेली असते: पहिली पसंती ही, दुसरी ती. कृषी, वन, अन्नसुरक्षा, जलसंधारण, पशुसंवर्धन, प्रदूषण नियंत्रण, ग्रामविकास या खात्यांतली पदं त्या यादीत खाली असतात, ‘मिळालं तर घेऊ’ या खान्यात. माझं म्हणणं एवढंच आहे की ही यादी उलटी करा. ज्यांचं बालपण शेतात, डोंगरात, गोठ्यात गेलं आहे, त्यांनी ही खाती पहिल्या पसंतीनं निवडावीत, आणि पदाचं नाव बघण्याआधी त्या पदावर रोज काय करावं लागतं ते बघून निवडावीत.

रोजचं काम म्हणजे काय ते बघा. अवकाळी पाऊस होतो, गारपीट होते. दुसऱ्या दिवशी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येतात, पंचनामा करतात. (ग्रामसेवकाला आता कागदोपत्री ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, लोक अजून जुन्याच नावानं हाक मारतात.) पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच सरकारी मदत मिळते. २०१५ पूर्वी हीच अट ५० टक्क्यांची होती. आता आडव्या पडलेल्या गव्हाचं नुकसान तीस टक्के आहे की चाळीस, हे कुणी ठरवायचं? चिखलात उभ्या असलेल्या त्या तीन माणसांनी. एका घराचा पुढचा हंगाम त्या आकड्यावर उभा असतो. गावात न येता पंचनामा लिहिणारा आणि प्रत्येक गटात पाय ठेवणारा, पगार दोघांना सारखाच मिळतो. फरक शेतकऱ्याच्या घरात पडतो.

पीक विम्याचा आधार असलेला पीक कापणी प्रयोग घ्या. शेतात ठराविक मापाचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. त्या वजनावरून अख्ख्या मंडळाचं सरासरी उत्पन्न ठरतं आणि भरपाई मिळणार की नाही तेही ठरतं. तुकडा निवडताना कुणी सोयीची जागा धरली, तर शेकडो शेतकऱ्यांचा हिशेब चुकतो. टेप धरणाऱ्या हातात केवढी सत्ता आहे, हे शिकवणीवर्गात कुणी सांगत नाही.

अन्नसुरक्षा अधिकाऱ्याचंही तसंच. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, तो अमलात आला ५ ऑगस्ट २०११ पासून. दिवाळीच्या तोंडावर खव्याची गाडी अडवली, अशी बातमी आपण वाचतो. नमुन्याचे चार भाग करावे लागतात, प्रत्येकाला मोहोर लावावी लागते, एक भाग विश्लेषकाकडे जातो आणि त्यानं चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. यात एखादी सही राहिली, तारखेत गफलत झाली, तर भेसळ सिद्ध होऊनही खटला न्यायालयात टिकत नाही. म्हणून या कामाला धाडसापेक्षा नेटकेपणा जास्त लागतो. ज्या मुलीची वही वर्गात सगळ्यांत स्वच्छ असते, ज्या मुलाला प्रयोगशाळेत मोजमाप करायला आवडतं, त्यांनी या पदाचा जरूर विचार करावा. आणि पंचगंगेत मेलेले मासे तरंगताना पाहून ज्याला राग येतो, त्यानं १९७० पासून काम करणाऱ्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळात क्षेत्र अधिकारी कसं होता येतं ते शोधावं. नदीच्या पाण्याचा नमुना वेळेवर आणि योग्य जागी घेतला गेला, तरच त्या रागाला पुरावा मिळतो.

कुणी म्हणेल, खालच्या पदावरचा माणूस करून करून काय करणार? याची उत्तरं सोसल्याच्या आसपासच आहेत, आणि त्यातलं पहिलं तर आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेलं आहे.

सोसल्याजवळून वाहणारी कावेरी कृष्णराजसागर धरणातून खाली आलेली असते. त्या धरणाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या शिकले पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला लागले. पुढे त्यांना खानदेशात पाठवलं गेलं आणि धुळ्याच्या बाजूला पांझरा नदीच्या प्रवाहातून नळानं पाणी पलीकडे नेण्याचं काम मिळालं. त्या वेळी त्यांना कुणी ‘सर’ म्हणत नव्हतं. १८९९ च्या सुमारास नीरा कालव्यावर त्यांनी पाणीवाटपाची गट पद्धत सुचवली. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या थोड्या गावांनी सगळा ऊस लावायचा आणि खालच्या गावांनी कोरडं राहायचं, असं होऊ नये म्हणून जमिनीचे गट पाडायचे, त्यात उसाला ठराविकच वाटा द्यायचा, पाणी जास्त गावांत फिरवायचं. सव्वाशे वर्षांनंतर आजही महाराष्ट्रात पाण्याचं भांडण नेमकं हेच आहे. १९०३ साली खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. १९०९ साली ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले आणि तीन वर्षांनी दिवाण. दिवाणपद शेवटी आलं. त्याआधीची बरीच वर्षं आपल्या गावांतून, कालव्यांच्या काठानं, पाण्याचा हिशेब करण्यात गेली होती, हे विसरू नका. त्या हिशेबाशिवाय कृष्णराजसागर उभा राहिला नसता.

त्याच काळात, १९०८ साली, लेस्ली कोलमन नावाचा कॅनडाचा तरुण म्हैसूर संस्थानाच्या नोकरीत आला. कीड आणि बुरशी हा त्याचा अभ्यासाचा विषय. कर्नाटकाच्या डोंगराळ मलनाड भागात सुपारीच्या बागा कोळेरोगानं गळून पडत होत्या. पावसाआधी सुपारीच्या घोसांवर बोर्डो मिश्रण फवारलं तर रोग आटोक्यात राहतो, हे त्यानं बागांमध्ये जाऊन दाखवून दिलं. सिंधुदुर्गात किंवा गोव्यात ज्यांची बाग आहे त्यांना कोळेरोगही ठाऊक आहे आणि मे महिन्यातली मोरचुदाची आणि चुन्याची ती निळी फवारणीही ठाऊक आहे. पुढे कोलमन संस्थानाचा कृषी संचालक झाला.

आणि तिसरं नाव मला सगळ्यांत जवळचं वाटतं: ‘रागी लक्ष्मणय्या’. म्हैसूरजवळच्याच एका खेड्यात जन्मलेला हा संशोधक मंड्याच्या व्ही. सी. फार्मवर काम करायचा. त्या फार्मला नावही विश्वेश्वरय्या कालव्याचंच. नाचणीचं फूल इतकं बारीक की संकर करायचा म्हटलं तर डोळ्यांची आणि बोटांची परीक्षाच. लक्ष्मणय्यांनी भारतीय नाचणीचा आफ्रिकेतल्या नाचणीशी संकर केला आणि ‘इंडाफ’ नावाची वाणं तयार केली. ती कर्नाटकभर पसरली, गरिबांच्या घरात नाचणीचं धान्य वाढलं. लोकांनी त्यांच्या नावाआधी पिकाचंच नाव लावलं. एवढा मान किती जिल्हाधिकाऱ्यांच्या वाट्याला येतो?

म्हैसूर शहरात १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. म्हशीचं दूध बाळांना पचायला जड, आणि आपल्या देशात म्हशीचं दूध मुबलक. या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी म्हशीच्या दुधापासून बाळांचा आहार तयार करण्याची पद्धत शोधली आणि अमूलनं तो बाजारात आणला. अन्न तंत्रज्ञानातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी तिथे घेता येते. विज्ञानाच्या पदवीधरांनी त्या प्रवेश परीक्षेकडे लक्ष ठेवावं. याच शहरात अब्दुल नझीर साब यांच्या नावाची ग्रामविकास आणि पंचायतराज प्रशिक्षण संस्था आहे. १९८० च्या दशकात कर्नाटकाचे ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी खेड्याखेड्यात कूपनलिका खोदवल्या, म्हणून लोक त्यांना ‘नीर साब’ म्हणत. मंत्र्याचा निर्णय मोठाच होता. पण प्रत्येक गावात यंत्र नेऊन जागा ठरवणारे, पाणी लागेना तेव्हा दुसरी जागा बघणारे भूवैज्ञानिक आणि अभियंते होते, म्हणून तो निर्णय कागदावरून जमिनीत उतरला. आपल्याकडे हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या मुलांना या खात्याचं नावही कित्येकदा ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

आता तयारीचं बोलू.

पहिली गोष्ट, यातली बरीच दारं पदवीनंच उघडतात किंवा बंद होतात, आणि ते बारावीतच ठरतं. तालुका कृषी अधिकारी किंवा मंडळ कृषी अधिकारी व्हायचं तर कृषीची किंवा तिच्याशी निगडित पदवी लागते. पशुधन विकास अधिकारी व्हायचं तर पशुवैद्यकाची साडेपाच वर्षं. जलसंधारण अधिकाऱ्याला स्थापत्य अभियांत्रिकी. अन्नसुरक्षा अधिकाऱ्यासाठी अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, कृषी किंवा पशुवैद्यकाची पदवी किंवा रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी चालते. वनरक्षकाला बारावी पुरते, पण विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. कला शाखेतून पदवी घेऊन मग ‘कृषी सेवा देता येईल का’ असं विचारणारी मुलं दर वर्षी दिसतात. त्यांना हे कुणी वेळेत सांगितलेलंच नसतं. गावातल्या शिक्षकांनी दहावीच्या निकालानंतर एक संध्याकाळ यासाठी काढली, तर किती जणांची वर्षं वाचतील!

दुसरी गोष्ट शरीराची. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना पाच आणि मुलींना तीन किलोमीटर धावावं लागतं. भारतीय वन सेवेत निवड होताना चार तासांत मुलांना २५ आणि मुलींना १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. शेतात राबलेल्या मुलामुलींना हे जड नाही. पण चार वर्षं अभ्यासिकेत बसून, वडापाव खाऊन दिवस काढल्यावर तेच शरीर साथ देत नाही. सकाळी पळा. पुस्तकाइतकंच हेही गांभीर्यानं घ्या.

तिसरी गोष्ट भाषा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारी माणसं आहेत. तिथे बदली होईल म्हणून रडणारे पुष्कळ, आणि तिथली शंभर वाक्यं शिकून जाणारे थोडे. सीमाभागातल्या आणि कर्नाटकात राहणाऱ्या मराठी मुलांनाही मी हेच सांगेन. तिथे नोकरी करायची तर कन्नड नीट शिका, मनापासून शिका. कर्नाटकात तालुक्याच्या खाली होबळी असते, आणि होबळीच्या पातळीवर शेतकऱ्यांसाठी रैत संपर्क केंद्र असतं. सोसले हेही होबळीचं गाव. बियाण्यापासून अनुदानापर्यंत शेतकरी तिथेच येतो. त्याची भाषा न येणाऱ्याला त्याचं दुखणं कळणार नाही, मग तो कितीही हुशार असो.

चौथी गोष्ट कठोर आहे, पण सांगायलाच हवी. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ, हे चित्र लवकर बदलणारं नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना खुल्या गटात ३८ आणि मागास प्रवर्गात ४३ पर्यंत वयोमर्यादा आहे. पण मर्यादा आहे म्हणून तोवर वाट बघायची असं नाही. किती वर्षं आणि किती प्रयत्न, हे आईवडिलांसमोर बसून सुरुवातीलाच ठरवा. ते ठरवणं म्हणजे हार मानणं नव्हे. आणि दुसरी भाकरी हाताशी ठेवा. या क्षेत्राचं बरं हे की तुमची पदवी वाया जात नाही. बँकांना कृषी क्षेत्र अधिकारी लागतात, नाबार्डची परीक्षा आहे, शेतकरी उत्पादक कंपन्यांना हिशेब आणि पीक दोन्ही कळणारी माणसं मिळत नाहीत, माती आणि अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. आधी तिथे दोन वर्षं काम करून मग सरकारी परीक्षा दिली, तर मुलाखतीत तुमच्या बोलण्याला वजन येतं आणि घरही चालतं.

पैसे देऊन पद मिळवून देतो असं सांगणारा माणूस दारात आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. जमीन विकून असल्यांच्या हाती लाखो रुपये देणारी घरं आहेत. भरतीतल्या गैरप्रकारांविरुद्ध २०२४ साली केंद्रानंही कायदा केला आणि महाराष्ट्रानंही. पण कायद्याच्या आधी आपली अक्कल हवी. ज्यानं पद विकत घेतलं तो पंचनाम्यात काय करील, हे वेगळं सांगायला नको.

आईवडिलांना दोन शब्द. ‘पेन्शन असते’ म्हणून मुलाला सरकारी नोकरीत ढकलू नका. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन सरसकट मिळत नाही. मुलगी असेल तर ‘रानावनात कशी फिरणार’ हा प्रश्न मनात येणं स्वाभाविक आहे, पण त्यावर तिचं दार लावू नका. शेतातली कितीतरी कष्टाची कामं बायकाच करतात. बांधावर बोलायला बाई अधिकारी आली की त्या मोकळेपणानं बोलतात. पुरुष अधिकाऱ्यासमोर नवरा बोलतो आणि त्या मागे उभ्या राहतात. कामात त्रास नाही असं मी म्हणणार नाही. एकेका कृषी सहायकाकडे अनेक गावं असतात, रिक्त पदांचा बोजाही त्याच्याच डोक्यावर येतो, योजनेत नाव घालण्यासाठी पुढाऱ्यांचे फोन येतात, वाळूच्या गाड्या अडवणाऱ्यांवर हल्ले होतात. हे माहीत असून ज्याला जावंसं वाटतं, त्यालाच जाऊ द्या.

आणि जावंसं वाटतं का, हे कळायला एकच मार्ग आहे: काम जवळून बघणं. कृषीच्या शेवटच्या वर्षाला गावात राहून अनुभव घेण्याचं सत्र असतं. तो सुट्टीचा काळ समजू नका, शेतकऱ्याच्या घरी पहाटे उठा. बाकीच्यांनी आपल्याच गावच्या ग्रामसभेला बसावं आणि ग्रामसेवकाच्या हातातलं इतिवृत्त वाचावं. कृषी सहायकाला विनंती करून एक दिवस त्याच्याबरोबर शिवारात फिरावं, वनपालाला विचारून पाणवठ्यापर्यंत जावं. बहुतेक जण हो म्हणतात. त्यांच्या कामात कुणी रस घेतलेला त्यांना क्वचितच दिसतो. फिरताना त्यांना विचारा: गेल्या वर्षात कोणत्या कामाचं समाधान मिळालं? कोणत्या कागदावर सही करताना हात थांबला? घरच्यांना किती वेळ देता येतो? पुन्हा निवड करायची असती तर हेच खातं घेतलं असतं का? उत्तरं वहीत लिहून घ्या, घरी नेऊन वाचून दाखवा आणि मगच पसंतीक्रमाचा अर्ज भरा.